इंगोलेबाई आणि पंखांचं विमान

इंगोलेबाईंचा मला हेवा वाटायचा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं की पुढचं लिहायला मी मोकळी. माणूस गेलं की सगळ्यांना ते गोड आठवायला लागतं. मला बाई गोड आठवत नाहीत. होत्या तशा आठवतात, आणि आठवल्या की या वयातही माझा चेहरा आंबट होतो. मग सून विचारते, "काय झालं?" मी म्हणते, "काही नाही, ॲसिडिटी."

गोष्ट रिसोडची. आमचं गाव तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि आमची राजधानी नागपूर होती. बाजाराच्या रस्त्यावर आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीला काचेचं छप्पर, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं आणि तळ्यात दोन हंस. घरात वीज यायची होती. स्वयंपाकघरालगतची कोंदट खोली हीच डार्करूम, आणि तिच्या खिडकीला लाल काच. हे फोटो काढायचे, धुवायचे, छापायचे, आणि मग मी त्यांवर हात फिरवायची. छापताना काचेवर केस नाहीतर धुळीचा कण राहिला की फोटोत पांढरी रेघ किंवा ठिपका उमटतो. तो बारीक कुंचल्यानं करड्या रंगात भरून टाकायचा. लग्नाच्या फोटोंना रंग द्यायचे, शालूला हिरवा, दागिन्यांना पिवळा, ओठांना जरासा लाल. माझा हात चांगला होता. वाशिमची माणसंसुद्धा रंगवायचे फोटो आमच्याकडे पाठवायची. इंगोलेबाई येईपर्यंत त्या दुकानात माझा मान होता.

बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, पन्नाशीला टेकलेल्या. नवरा केव्हाच गेलेला, इतका केव्हाच की त्या त्याचं नावसुद्धा परक्या माणसासारखं घ्यायच्या. अंगावर फिक्या काठाचं पांढरं पातळ आणि पायात पुरुषांचे जाड बूट. बूट अशासाठी, की रस्त्यानं चालताना बाईंची मान कायम वर, आणि दगड कुणालाच सोडत नाही. गळ्यात एक घडीचा कॅमेरा. कळ दाबली की त्याचा भाता पुढे यायचा. त्यांच्या पोलक्याला आतून खिसा होता, स्वतः शिवलेला. बाईच्या पोलक्याला खिसा! त्यात त्या भिंगावर लावायची पिवळी काच ठेवायच्या. त्या काचेनं आभाळ फोटोत काळसर येतं आणि पांढरं असेल ते उठून दिसतं. मी त्या खिशाला चारचौघींत नावं ठेवली, आणि पुढच्याच महिन्यात माझ्या पोलक्याला तसा खिसा लावून घेतला. त्यात ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

बाईंचा छंद एकच. जेट विमानाचा फोटो काढणे. हवाई दलाची जेट विमानं तेव्हा नुकतीच आमच्या डोक्यावरून जायला लागली होती. कुठून येत नि कुठे जात, कुणाला ठाऊक. इतकी उंच असायची की विमान असं दिसायचंच नाही, मागे राहिलेली पांढरी रेघ तेवढी दिसायची. म्हाताऱ्या अंगणात येऊन हात जोडायच्या. बाई कॅमेरा उघडायच्या.

त्यांनी आमच्याकडे पहिला रोल टाकला तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ह्यांनी फोटो छापून माझ्यापुढे ठेवले. पाहते तर नुसतं आभाळ. माणूस नाही, झाड नाही, साधा कावळा नाही, आणि प्रत्येक आभाळात एक पांढरी रेघ. म्हटलं, ह्यांनी काच पुसली नाही, केस राहिला. सगळी दुपार बसून मी एकेक रेघ भरून काढली. इतकं स्वच्छ काम मी आधी कधी केलं नव्हतं. रेघ कुठे होती ते माझं मलाच सापडेना.

संध्याकाळी बाई आल्या. फोटो पाहिले. उलटे करून पाहिले. उजेडात नेऊन पाहिले.

"माहं विमान कुठी गेलं?"

"कोणतं विमान?"

"जेट व! इथून तिथवर गेलं होतं. रेघ होती न पांढरी!"

"तो केस होता," मी म्हटलं. "मी साफ केला."

बाईंनी फोटो खाली ठेवले. मग अशा हसल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. "भाऊ, ओ भाऊ! तुमच्या बायकोनं माहं विमान पाडलं!"

त्यानंतर वर्षभर मी रिसोडात विमान पाडणारी बाई होते. भाजीवालीसुद्धा म्हणायची, "या, विमानवाल्या." त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाटलं ते याचं, की आतल्या खोलीतून हे बाहेर आले आणि पोट धरून हसले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यात मी विनोद होते आणि बाई सोबती होत्या. तिथून माझं सुरू झालं.

आमचे हे बोलायचे कमी. माझ्याशी तर हिशेबानं. "वाढ", "लाल कमी कर", "पडदा झटक". बाई आल्या की तेच तोंड सैल सुटायचं. आभाळ किती उजळ होतं, कॅमेऱ्याचा डोळा किती बारीक ठेवला, पापणी किती पटकन मिटली. भिंगाच्या भोकाला बाई डोळा म्हणायच्या आणि शटरला पापणी, म्हणून हेही तसंच म्हणायला लागले. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या नक्षीच्या खुर्चीत बाई ऐसपैस बसायच्या, पदरातले फुटाणे खायच्या आणि टरफलं माझ्या टेबलावर टाकायच्या. "वयनी, च्या टाका. साखर कमी." मी दोन चमचे जास्त टाकायची. त्या तो चहा पिऊन "बेस झाला" म्हणायच्या. त्यांच्याशी भांडणही धड जमत नसे.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी इतकं तापतं की धुताना फिल्मवरचा थर सुटून येतो. मग हे माठातलं गार पाणी घ्यायचे. गिऱ्हाइकाचा रोल असला तर तांब्याभर, बाईंचा असला तर अख्खा माठ. एकदा मी म्हटलं, "घरात प्याले पानी नाही." हे म्हणाले, "बाईचा रोल हाये." जसं काही बाईंचा रोल बाळंत होणार होता.

माणसांचे फोटो बाईंनी कधी काढले नाहीत. मी एकदा म्हटलं, "बाई, माहा तरी एक काढा." तर म्हणाल्या, "बसलेल्याचा फोटू काढाले काय लागते? बसलेलं उद्या पन तिथंच असते." फोटो स्टुडिओत बसून, फोटोवाल्याच्या बायकोला हे ऐकवलं. आणि फोटोवाला मान डोलावत होता! दुसऱ्यांदा मी त्यांच्या एका फोटोतलं आभाळ निळं करून द्यायची तयारी दाखवली. खरं सांगते, मनापासून दाखवली होती. निळ्या रंगात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. बाई म्हणाल्या, "नोको. आभाळाले लाली-पावडर नोको." त्या रात्री मी जेवले नाही. हे म्हणाले, "पोट बिघडलं काय?"

मी शेवटी एकदा सरळ विचारलंच. "तुमाले त्या बाईत दिसते तरी काय?"

ह्यांनी बराच वेळ विचार केला. हे प्रत्येक गोष्टीचा विचार करायचे, हाच तर त्रास. म्हणाले, "बाईत नाही. बाईच्या फोटोत. माह्या फोटोतले सगळे माह्यासाठी थांबतात. मी हलू नका म्हनलं का हलत नाहीत. तिच्या फोटोतलं कोनासाठी थांबत नाही."

बाईवर भाळले असते तर परवडलं असतं. बाईशी भांडता येतं, माहेरी जाता येतं, चार माणसं बोलावता येतात. फोटोशी कसं भांडायचं? मी तेव्हा खूप रडले, पण कांदे चिरताना, म्हणजे कुणाला विचारायला जागा नको.

एक दिवस दुपारी बाई आल्या त्या खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या. अकोल्याच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. "काचबिंदू हाये म्हने," त्या म्हणाल्या. ताप आहे म्हणावं तशा म्हणाल्या. "समोरचं दिसते. बाजूनं पडदे ओढल्यावानी बंद होत येते. दोनी डोळ्याले. आता नळीतून पाह्यल्यावानी झालं, मंग नळी बी बारीक होत जाईन."

हे खाली बसले. मी चहा टाकायला उठले, तर बाई म्हणाल्या, "बसा व वयनी. रडाची गोष्ट नाही. पन रेघा लय झाल्या. मले एक पंखाचं विमान पाह्यजे. पंख, शेपूट, सगळं दिसन असं. एक काढलं का मंग डोळे जाऊ दे का राहू दे."

तेव्हापासून बाईंच्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट उरली. एक फोटो, ज्यात विमान विमानासारखं दिसेल, आणि तो डोळे जायच्या आत. आम्हा तिघांनाही ते पाठ झालं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण चहा गाळेपर्यंत माझ्या मनात आलं, मिळू दे बाई हिला एकदाचं ते पंखाचं विमान, म्हणजे आमचं दार सुटेल. देवापुढे मी तसं मागितलंही. माझ्या मागण्यात पुण्य किती आणि हेवा किती, ते देवानं बघावं.

बाईंचं एक वाक्य होतं, "आवाज शिळा असते." जेट आवाजाच्या पुढे पळतं. आवाज जिथून येतो तिथे आपण बघतो, आणि विमान तिथून कधीच निघून गेलेलं असतं. सगळं गाव आवाजाकडे तोंड करून उभं राहायचं आणि "नाही दिसलं बाप्पा" म्हणत घरात जायचं. बाई आवाज ऐकला की त्याच्या पुष्कळ पुढे कॅमेरा धरायच्या. हे त्यांनी सगळ्या शाळेला शिकवलं होतं. त्यावरूनच त्या इन्स्पेक्टरचं प्रकरण झालं.

शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर शाळा तपासायला आले होते. शिवणाच्या वर्गात मुलींनी केलेली झबली, टोपडी मांडलेली. साहेब एक झबलं हातात घेऊन टाके पाहत होते, तेवढ्यात वर घरघर सुरू झाली. बाई साहेबांना "थांबा" म्हणाल्या आणि बाहेर. त्यांच्यामागे सगळा वर्ग बाहेर. वर्ग बाहेर म्हटल्यावर साहेब झबलं घेऊन बाहेर. बाकीच्या शिक्षिका भिंतीला चिकटून उभ्या, आता काय होतं म्हणून. साहेब आवाजाकडे तोंड करून विचारतात, "कुठे आहे? कुठे आहे?" बाईंनी एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हातानं साहेबांची हनुवटी धरली आणि लहान लेकराचं फिरवावं तसं त्यांचं तोंड फिरवलं. "तिकडे काय पाहून राह्यले? तो आवाज हाये. विमान अथी हाये!"

सरकारी साहेबाची हनुवटी, आणि धरणारी विधवा बाई. मी धरली असती तर मला गावातून काढलं असतं. बाईंचं काय झालं? साहेबांना विमान दिसलं. ते इतके खूश झाले की शेऱ्यात शिवणाच्या वर्गाची तारीफ लिहून गेले. गावातल्या बायका महिनाभर एकमेकींच्या हनुवट्या धरून हसत होत्या. मीही हसले. पण घरी येऊन आरशात माझी हनुवटी बघितली आणि वाटलं, कुणाचं तोंड फिरवावं इतकी खात्री मला आयुष्यात कशाची आहे?

दुसरं प्रकरण ठाणेदाराचं. त्या दिवशी हे फोटोचा कागद आणायला वाशिमला गेले होते. ठाणेदार साहेब दुकानात आले, टोपी टेबलावर ठेवली.

"बाई, इथं सरकारी जेट विमानाचे फोटू निघून राह्यले, असं कानावर आलं. काढते कोन?"

मी कुंचला पाण्यात बुडवला.

"शिवनबाई न? कॅमेरा जमा करा लागन."

बघा, कशी वेळ आली होती. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. कॅमेरा जाणार, रोल बंद, फुटाण्याची टरफलं बंद, माठ भरलेला. पण मला दुसरंच चित्र दिसलं. हे वाशिमहून येतील, त्यांना कळेल, आणि जातील ते तडक ठाण्यावर, कॅमेरा सोडवायला. बाईंसाठी भांडतील. ज्या माणसानं माझ्या सासूशी माझ्यासाठी एक शब्द भांडून पाहिला नाही, तो बाईंसाठी ठाणेदाराशी भांडेल आणि गाव ते बघेल. ते माझ्यानं सोसलं नसतं. त्यापेक्षा मीच भांडलेलं बरं.

मी बाईंचे सगळे फोटो काढून टेबलावर पसरले. "घ्या साहेब. ह्याच्यात विमान दाखवा मले."

त्यांनी वाकून पाहिलं. "ही तर रेघ हाये."

"सगळ्यात रेघच हाये. दुश्मनाच्या हाती पडलं तर त्याले काय समजन? हिंदुस्थानात आभाळ वर हाये, एवढंच न?"

ठाणेदार हसायला लागले. मग टोपी घालता घालता म्हणाले, "माहा फोटू रंगवून भेटन काय? मिशीले जरा काळा जास्त." मी म्हटलं, "भेटन न. हे आले का या."

संध्याकाळी बाईंना बातमी कळली आणि त्या धावत आल्या. मला वाटलं, आता तरी. तर म्हणाल्या, "तुमी बोलल्या? मले वाटलं भाऊच बोलले." आणि ह्यांच्याकडे वळून ढगांचं बोलायला लागल्या. अशा त्या होत्या. उपकार केला तर तोसुद्धा त्यांच्या बाजूनं दिसायचा नाही.

बाईंची नळी बारीक होत गेली. मुलींनी सुई ओवून द्यायला सुरुवात केली. रस्त्यात त्या बाजूनं येणाऱ्या सायकलवर धडकायच्या. तरी आभाळात रेघ असली की त्यांना सापडायची, कारण रेघ लांब असते. एकीकडून सुटली तर दुसरीकडून धरता येते. ठिपका धरता येत नाही.

त्या हिवाळ्यात बाई दुकानात बसल्या असताना रिठदची एक माळीण भाजी घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, परवा आमच्या माळावरून विमान असं खालून गेलं का त्याच्या पोटाचे खिळे दिसले. ढोरं दावं तोडून पळाली. रोजच येऊन राह्यलं म्हना ना." बाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. दुसऱ्या दिवशी त्याच माळिणीच्या नवऱ्याच्या बैलगाडीतून बाई आणि हे रिठदला निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी भाकरी आणि ठेचा बांधला आणि गाडीत जाऊन बसले. वाढणार कोण, असं कारण सांगितलं. खरं कारण बैलांनाही कळलं असावं.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसराही. आम्ही तिघं माळावर बाभळीच्या सावलीत बसून भाकरी खायचो. खालच्या वावरात तुरी उभ्या होत्या. बाई बोलत नव्हत्या. हेही बोलत नव्हते. मीच आपली बोलत होते, तुरीचं, ठेच्याचं, सासूचं. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी भाकरी सोडतच होते, तो बाभळींच्या रांगेवर मला एक काळा ठिपका दिसला. आवाज काहीच नव्हता. बारीक काम करून माझी नजर तयार झालेली. मी ओरडले, "आलं! बाई, आलं!"

बाई उठल्या. कॅमेरा डोळ्याला लावला. "कुठी?"

"ते पाहा, बाभळीवर! डावीकडे!"

"कुठी व? कुठी?" त्या कॅमेरा डावीकडे न्यायच्या, उजवीकडे न्यायच्या. ठिपक्याला पंख फुटले. शेपूट दिसली. विमान आमच्यावरून इतकं खालून गेलं की मी डोकं धरून बसले, आणि बाई अजून बाभळीतच शोधत होत्या. मग आवाज आला, आभाळ फाडल्यासारखा. आणि बाई गर्रकन त्या आवाजाकडे वळल्या आणि त्यांनी कळ दाबली.

आवाजाकडे. बाईंनी.

ह्यांनी मान खाली घातली. मला आजवर बाईंचा पराभव बघायचा होता, पण असा नव्हता बघायचा. बाई कॅमेरा छातीशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "परत येईन ते. येवढं खाली आलं म्हंजे फेरी मारून राह्यलं." आणि गळ्यातला पट्टा काढला.

ह्यांनी हात पुढे केला. साहजिकच होतं. फोटोवाले ते.

"तुमी नोका, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमाले थांबलेलं धरायची सवय हाये." आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "वयनी, तुले दिसते. तू धर."

मी आयुष्यात कधी कॅमेऱ्याची कळ दाबली नव्हती. स्टुडिओवाल्याची बायको, पण कॅमेऱ्याला हात लावायची वेळ आली नव्हती. बाईंनी मागून माझे दोन्ही खांदे धरले. "हात हलवू नोको. खांदा फिरव. ते थांबत नाही, तू बी थांबू नोको. त्याच्यासंगं फिर, फिरता फिरताच दाब."

आणि ते आलं. बाभळीवरून, बिनआवाजाचं. चौकटीत आलं, मोठं झालं, मी फिरले, माझ्यामागे बाई फिरल्या, आणि मी दाबलं. मग आवाज आला. त्या आवाजात मी ओरडले, काय ओरडले ते मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की जन्मात पहिल्यांदा मला कुणाचाही हेवा वाटत नव्हता.

गाडीतून परत येताना बाई नुसत्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी रोल धुतला. लाल काचेपाशी ओली फिल्म धरून उभे राहिले. मला हाक मारली. मी गेले. फिल्मवर विमान होतं. पंख, शेपूट, नाकाचं टोक, सगळं जिथल्या तिथे. पाठीमागची बाभूळ फिसकटलेली आणि विमान मात्र कोरल्यासारखं. हे बोलायला लागले. किती बोलले! तुझा खांदा कसा फिरला असेल, नेमकी कळ कशी दाबली गेली, पापणी कशी मिटली. मी दाराला टेकून ऐकत होते. हे माझ्याशी बोलत होते. इतकी वर्षं मी याच एका गोष्टीची वाट बघितली होती.

फोटो छापला, वाळवला. बाई आल्या. फोटो घेऊन दारात गेल्या, उजेडात नाकाजवळ धरला. समोरचं त्यांना अजून दिसत होतं. खूप वेळ बघितला.

"चांगलं आलं, वयनी," त्या म्हणाल्या.

तो आवाज मी लगेच ओळखला. कसा नाही ओळखणार? चार लोकांत "बाईंचे फोटो चांगले येतात हं" म्हणताना माझ्या घशातून नेमका तोच आवाज निघायचा. तोंडभर साखर आणि खाली जळजळ. बाईंना माझा हेवा वाटला होता. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी पेढे वाटीन. पण माझ्या तोंडून निघालं, "अजून एक रोल हाये बाई. आपन परत जाऊ." बाई म्हणाल्या, "पाहू." आणि खुर्चीत न बसता गेल्या.

परत जाणं झालं नाही. विमानं रिठदवरून यायची बंद झाली. परीक्षा संपता संपता बाईंनी शाळा सोडली. आसेगावला त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे निघाल्या. निघायच्या आदल्या दिवशी निरोप पाठवला, माझ्या सगळ्या फिल्म द्या.

मी पत्र्याच्या डब्यात सगळ्या पट्ट्या नीट लावल्या. सगळ्यात वर ते पंखांचं विमान ठेवलं. मोटार स्टँडवर डबा नेऊन दिला. बाईंनी तिथेच झाकण उघडलं, वरची पट्टी उजेडाला धरली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे माहं नाही. तुमी ठेवा."

"बाई, कॅमेरा तुमचा. खांदे तुमी फिरवले."

"पन पाह्यलं तुमी." माळावर एकदाच निघालेलं 'तू' परत 'तुमी' झालं होतं. एवढं बोलून त्या मोटारीत चढल्या.

खिडकीशी बसल्या. डबा मांडीवर घेतला. मला वाटलं, आता बघतील, हात करतील. हे मागे उभे होते, त्यांनी हातही वर केला होता. बाईंनी डब्यातली एक पट्टी काढली, उन्हाकडे धरली, डोळ्याजवळ आणली. फिल्मवर पांढरी रेघ काळी दिसते. ती काळी रेघ त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या, शिवणीवरून बोट फिरवावं तशा. पट्टी खाली ठेवली, दुसरी घेतली. तोंडावर असं सुख होतं की खिडकीखाली कोण उभं आहे याची त्यांना गरजच नव्हती. मी म्हटलं, "बाई, जपून जा." बाजूचं त्यांना दिसत नव्हतं हे खरं. पण मी बाजूला नव्हते, अगदी समोर उभी होते.

सगळ्या रिसोडात पंखांचं विमान माझ्या एकटीच्या हातात होतं, आणि त्या विमानासकट मी उन्हात उभी राहून त्या रेघांवर जळत होते. ड्रायव्हरच्या हाताखालच्या किन्नरनं दार आपटलं. मोटार सुटली. बाईंनी पुढची पट्टी उचलली.